पाठीमागची बटणे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. खिडकीपाशी, उजेडाच्या बाजूला माझी जागा आहे. माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून पुसली गेली, आणि पायटा दाबला की मी हल्ली थोडी कुरकुरते. मित्रांनो, माझ्या सुईखालून आजवर किती कापड गेले ते मला सांगता यायचे नाही. त्यातला एक फ्रॉक मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याच्याविषयी बोलावे म्हणून आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून मी एका दुकानात आले आणि काचेआड धूळ खात उभी राहिले. एके दिवशी शिवणाचा क्लास नुकताच संपवलेली एक मुलगी वडिलांबरोबर तिथे आली. तिने माझे चाक फिरवले, कान लावून आवाज ऐकला आणि वडिलांना म्हणाली, हीच घेऊ या. तीच माझी ताई. पुढे सगळी गिऱ्हाइके तिला ताई म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणते. लग्न होऊन ती या घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर मीही आले. तिचा नवरा वायरमन. कामाला वाघ, पण बोलायला अगदी कंजूष.

ते माझे सुखाचे दिवस होते. जवळच्या शाळेच्या गणवेशांचे काम ताईकडे असे. शाळा उघडायच्या सुमाराला खोलीत निळ्या कापडाचे ढीग लागत आणि मला श्वास घ्यायला फुरसत मिळत नसे. ताईच्या शिवणीला नाव ठेवायला जागा नाही, असे लोक म्हणत. तिच्याबरोबर माझेही कौतुक होई.

मग घरात मुलगी जन्मली. ती यायच्या आधीच ताईने मऊ मऊ झबली शिवून घड्या करून ठेवली होती. पण बाळाला झबले घातले की ते रडे आणि काढले की गप्प होई. चालायला लागल्यावर ती स्वतःभोवती गरगर फिरे, म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. बोलणे उशिरा आले, आणि आले तेही दुसऱ्याच्या वाक्याचे शेपूट धरून. "दूध पिणार का?" असे विचारले की ती "णार का" म्हणायची आणि हसायची. माझ्या पायट्याशेजारी बसून चाक फिरताना तासन्तास पाहायची. पण अंगावर कपडा म्हणून टिकायचा नाही. लेबल असो, काठ असो, साधी शिवण असो, ती ओढून ओढून फाडायची.

आला-गेला उपदेश करून जाई. आत्या म्हणाली, पोर लाडाने शेफारली आहे, एक धपाटा द्या म्हणजे सरळ होईल. दारात उभी राहून कोणी म्हणाले, गावाला कपडे शिवणारीच्या घरात पोर उघडी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ताई हसून वेळ मारून नेई. मग माझ्यासमोर बसे आणि तिला सुईत दोरा ओवता येत नसे.

भिंगरी शाळेत जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात गणवेश काढून टाकला आणि ती बाकाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. मोठ्या बाईंनी ताईला बोलावून घेतले. बाई वाईट बोलल्या नाहीत, पण असेच चालले तर आम्हाला तिला ठेवून घेता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. ताई घरी आली ती थेट गणवेशाचे कापड घेऊन बसली.

तिने त्या दिवशी जो फ्रॉक शिवला, तसा सुबक फ्रॉक माझ्या सुईखालून क्वचितच गेला असेल. गळ्याला बंद कॉलर आणि कमरेत घट्ट बसणारा पट्टा. बटणे पाठीमागे, लहान, आणि काजे इतकी आवळ की मोठ्या माणसालाही जोर लावावा लागे. सगळ्या शिवणी तिने दुहेरी घातल्या. भिंगरीला काढता येऊ नये असाच तो बेतला होता. मित्रांनो, मी एकदा चालू झाले की सुई खाली जाते आणि वर येते, एवढेच मला ठाऊक. टाका कुणाच्या अंगावर जाऊन बसणार, ते मला कळत नाही. ताईला कळत होते.

"झकास आयडिया," वायरमन म्हणाला. सकाळी ताई डबे भरत असायची, म्हणून मुलीला तयार करण्याचे काम त्याच्याकडे होते. पहिले काही दिवस भिंगरी हात मागे टाकून बटणांपर्यंत पोहोचायला बघे. तसे करताना ती गोल गोल फिरे. एरवी खेळताना फिरायची, तसे ते फिरणे नव्हते. मग तिने तो नाद सोडला.

शाळेतून शाबासकी आली. आत्या म्हणाली, बघा, शिस्त लावली की लागते. बेकरीवाल्या बाईचा लहान मुलगाही शर्ट ओढून फाडायचा. ती मुद्दाम आली आणि तसाच, पाठीमागे बटणे असलेला शर्ट शिवून घेऊन गेली. ताईची मान पुष्कळ दिवसांनी ताठ झाली होती.

भिंगरी मात्र मिटत गेली. तिचे फिरणे थांबले, वाक्यांची शेपटे धरणेही थांबले. शाळेतून आली की ती भिंतीकडे तोंड करून उभी राही, कुणीतरी बटणे काढीपर्यंत. तिच्या मानेवर लाल वळ उमटला होता. ताईने त्याला मलम लावले आणि नवे कापड आहे, धुण्यात मऊ पडेल, अशी स्वतःची समजूत घातली. तिने पाहिले, आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. शाबासकी फार दिवसांनी मिळाली होती ना.

एका दुपारी ताई पडदे पोहोचवायला गेली होती. वायरमन आतल्या खोलीत पंखा खोलून बसला होता. भिंगरी गणवेशातच माझ्या टेबलापाशी आली. टेबलावर ताईची मोठी कात्री होती. तिने कात्रीचे एक पाते कॉलरच्या आत घातले आणि ती कापू लागली. मला सगळे दिसत होते, पण मला ना हात, ना आवाज. दुहेरी शिवण कापता कापता पाते घसरले आणि कानाखाली मानेत शिरले. ती रडली नाही. ती कापतच राहिली.

पक्कड घ्यायला म्हणून वायरमन बाहेर आला आणि त्याला रक्त दिसले. भिंगरीने त्याच्याकडे पाहिले. मग ती एक शब्द बोलली, कुणाच्याही वाक्यातून न घेतलेला, तिचा स्वतःचा.

"काढ."

तो बटणे सोडवायला गेला. रोजच्या सवयीची ती बटणे ओल्या बोटांना निघेनात. शेवटी त्याने फ्रॉक टराटरा फाडला आणि तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्याकडे धावला.

तिथे काय झाले ते मला पुढच्या काही दिवसांत त्या दोघांच्या बोलण्यातून समजले. जखम थोडी आणखी खोल असती तर कठीण होते. डॉक्टरांनी टाके घातले. टाके हा शब्द ताईने आयुष्यभर किती सहज वापरला होता. आता तो कुणी उच्चारला की ती उठून जाई. त्या डॉक्टरांनी त्यांना मुलांच्या वाढीचा अभ्यास असलेल्या एका डॉक्टरीण बाईंकडे पाठवले. त्यांनी भिंगरीला नीट पाहिले आणि सांगितले की ती स्वमग्न आहे. हा हट्ट नव्हे आणि लाडाचा परिणामही नव्हे. आपल्याला जी शिवण जाणवतसुद्धा नाही, ती तिला दिवसभर काट्यासारखी टोचते. ती अशीच जन्मली आहे, यात तुमचा दोष नाही, असेही त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर ताईने माझ्यावर चादर टाकली. शिवायला आलेले कापड तिने गिऱ्हाइकांना परत केले. माझ्यातले तेल सुकले, पट्टा सैल पडला. एका संध्याकाळी ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून नवऱ्याला म्हणाली,

"दोष नाही म्हणाल्या त्या. ती अशी जन्मली, त्यात नसेल. पण तिला त्या कपड्यात कोंडलं कुणी? मीच ना? चांगलं मोजमाप घेऊन कोंडलं."

वायरमनने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बटणं शिवलीस तू. पण रोज सकाळी ती लावत होतो मी. ती हात मागे न्यायची, अन् मी तिचा हात बाजूला करायचो."

 ताईने पदराने डोळे पुसले आणि त्याचा चहा गरम करायला उठली.

घरात भिंगरी आता वडिलांचे विरलेले बनियन घालून हिंडत असे, तेही उलटे. ताई ते रोज सरळ करून देई आणि ती रोज उलटे करून घाली. एकदा ताईचा हात मध्येच थांबला. उलट्या बनियनच्या सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या. आतली बाजू नितळ होती. पोर कधीची सांगत होती, फक्त तोंडाने नव्हे.

त्या दिवशी माझ्यावरची चादर निघाली. ताईने मला तेल घातले. निळे कापड धुऊन धुऊन मऊ केले आणि शिवायच्या आधी ते भिंगरीच्या गालाला लावून पाहिले. भिंगरीने दोन तुकडे भिरकावून दिले, तिसरा हातात ठेवला. फ्रॉकला कॉलर नव्हती, शिवणी सगळ्या बाहेर होत्या, आणि बटणे मोठी, समोर, सैल काजांची. मोठ्या बाईंकडे जाऊन ताईने सगळे खरे सांगितले. रंग तेवढा सारखा ठेवा, बाकी तिला सोसेल तसे करा, असे बाई म्हणाल्या. काही दिवस भिंगरी तो फ्रॉक दुपारपर्यंत घाली. काही दिवस मुळीच घालत नसे. मग ती घरीच राही, आणि घरात कुणी आवाज चढवत नसे. उलटा फ्रॉक म्हणून वर्गातली मुले हसली, तेही ताईने गिळले.

पण एक गोष्ट तिला गिळवेना. बेकरीवालीच्या मुलाचा तो शर्ट. पाव आणायला ती आता लांबच्या दुकानात जाऊ लागली. बेकरीची गल्ली टाळून वळसा घेऊ लागली. त्या बाईला सांगायचे तर स्वतःचे सगळे सांगावे लागणार होते. अखेर एके सकाळी ती उठली आणि गेली. ती परतली तेव्हा शर्ट तिच्या हातात होता आणि बेकरीवाली तिच्याबरोबर होती. ताईने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तिला सगळे सांगितले होते.

"चांगला चालला होता की हो," बेकरीवाली अजूनही म्हणत होती. "पोरगा ओरडत नव्हता आताशा."

"भिंगरीपण ओरडत नव्हती," ताई म्हणाली.

बेकरीवाली स्टुलावर बसली. मग हलक्या आवाजात तिने विचारले, "उसवायला मी मदत करू?"

दोघी खिडकीपाशी बसून त्या शर्टाचे एकेक बटण आणि एकेक टाका सोडवू लागल्या. मित्रांनो, दुहेरी शिवण घालायला मला एक क्षण पुरतो. उसवायला त्या दोघींना सबंध दुपार लागली. उसवण्याचे काम कुठल्याच मशीनला येत नाही. ते हाताने, डोळे फोडून, धीराने करावे लागते.

ताई अजूनही मुलीचे केस विंचरताना कानाखालच्या खुणेपाशी थबकते. ते दुःख तिला उसवता आलेले नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुम्ही एक करा. तुमच्या वर्गात कुणी उलटा शर्ट घालून आला, कुणी बाकाखाली जाऊन बसला, कुणी सारखा गोल गोल फिरला, तर हसू नका आणि त्याचा हातही बाजूला करू नका. त्याला काय टोचते आहे, ते आधी बघा. आणि तुमच्या हातून चुकून एखादी घट्ट शिवण पडलीच, तर लाज वाटली तरी त्याच्या दारी जा, आणि ती आपल्या हाताने उसवा.