मक्यात गेलेले सासरे

दोन्ही हात वर करून सून हार्वेस्टरला आडवी गेली. यंत्र चार पावलांवर येऊन थांबलं.

"मरायचंय का, वहिनी?" ड्रायव्हर वरूनच ओरडला.

"सासरे आत आहेत. मक्यात."

"नक्की?"

नक्की तिलाही ठाऊक नव्हतं. घर, गोठा, विहीर, सगळं पालथं घालून झालं होतं. उरला होता तो डोक्याच्या वर गेलेला हा मका, आणि त्यातलाही निम्मा कापून झाला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, उतरला आणि पात्यांपाशी वाकून बघू लागला.

"इथे काही नाही," तो म्हणाला.

सासरे हरवल्याचं कळताच वरच्या वस्तीवरून शिंपी आला, खालच्या वस्तीवरून दूधवाली आणि तिच्या दोघी जावा. नवराही धापा टाकत पोचला. हाताहाताचं अंतर ठेवून सगळे एका ओळीत मक्यात शिरले. पानं गालांना चरचरत होती. बाकीचे हाका मारत होते; ती दोन्ही हातांनी ताटं बाजूला सारत पुढे जात होती.

"सापडले!" दूधवाली ओरडली. "बसलेत बघा कसे, नवरदेवासारखे!"

सासरे दोन सऱ्यांच्या मधे मांडी घालून बसले होते. अनवाणी, अंगठा रक्ताळलेला. ड्रायव्हर मटकन ढेकळांवर बसला. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या, तर यंत्र इथेच आलं असतं.

नवऱ्याने वडिलांना धरून उभं केलं आणि तिच्याकडे वळला.

"कडी लावली होतीस ना?"

"मीच काढली," सासरे म्हणाले. "तिला कशाला बोलतोस?"

सासऱ्यांच्या खोलीची कडी बाहेरून होती. गेल्या महिन्यात सासरे भान हरपून घराबाहेर भटकू लागले, तेव्हा नवऱ्यानेच बसवलेली. सकाळभर आतून दारावर थापा पडत राहिल्या, शेवटी ऐकवेना म्हणून तिने ती काढली होती.

नवरा वडिलांकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने आपल्या चपला त्यांच्या पायांत सरकवल्या.

"सावकाश चला, बाबा," तो म्हणाला, आणि मक्याच्या धसकटांतून अनवाणीच पुढे निघाला.