देवाचा वाटा आणि पालथी वाटी

ताईच्या इमारतीच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सतरंजीवर स्टीलच्या वाट्या आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या, काही उताण्या, काही पालथ्या. लोकांनीच मांडल्या होत्या, मनाला येईल तशा. वाटीमहाराज शेजारच्या खोलीत, दार लावून. मग त्यांचा शिष्य म्हणाला, डोळे मिटा, हात जोडा, आता देवाचा वाटा ठेवायचा. सगळ्यांनी मिटले. त्याने प्रत्येक आडव्या नि उभ्या ओळीच्या टोकाला आपली एकेक वाटी ठेवली. नंतर इमारतीतल्याच डॉक्टरीणबाईंनी कुठलीतरी एक वाटी गुपचूप उलटली. महाराज आले, डोळे फिरवले, वाटी रडते, वाटी बोलावते असं काहीबाही पुटपुटले आणि नेमकी तीच वाटी उचलली. सभागृह दणाणलं.

मी शिंपीण. कापड कितीही झुळझुळीत असो, मी आधी उलटं करून शिवण बघते. त्यामुळे मला काही गहिवर आला नाही. दाजींना मात्र आला. त्यांच्या लेकीकडे, आमच्या ठिणगीकडे बोट दाखवून महाराज म्हणाले, हिच्या डोक्याला शाळा मानवत नाही, मठात सेवेला पाठवा. झालं! सोमवारी शाळेतून नाव काढायचं ठरवून दाजी मोकळे. माणूस भला हो, पण अक्कल गहाण टाकलेली. ताईचे डोळे रडून सुजले.

ठिणगी रडत बसली नाही. तडक माझ्या दुकानात आली आणि बटणांचा डबा टेबलावर ओतला.

"मावशी, मी डोळे मिटलेच नव्हते. टोकाची वाटी ठेवण्याआधी तो काका दर वेळी ओठांतल्या ओठांत मोजत होता."

सगळा पसारा एकदम बघितला तर डोकं गरगरतं, म्हणून तिने आधी एकच ओळ मांडली. पालथी बटणं जोडीजोडीने असली, तर टोकाला उताणं ठेवायचं. एखादं एकटं उरलं, तर पालथं ठेवून त्याला जोडीदार द्यायचा. मग मी कुठलंही बटण उलटलं की ओळीत एक पालथं एकटं पडायचंच.

"ओळ कळली गं, पण ओळीतलं बटण कुठलं?" मी विचारलं.

ती वेणी चावत बसली. मग एकदम उडीच मारली. उभ्या ओळीही तशाच मोजायच्या! बिघडलेली आडवी आणि बिघडलेली उभी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे चोर. मला इतका आनंद झाला की त्या भरात एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले.

रविवारी पुन्हा वाट्या मांडल्या, पुन्हा देवाचा वाटा ठेवला. ठिणगी ताईसोबत बाहेर उभी, आतलं काही दिसणार नाही अशी. वाटी उलटली गेली, आणि महाराज यायच्या आत ही धावत आली नि नेमकी वाटी उचलून उभी राहिली. महाराज काही कच्चे नव्हते. म्हणाले, मुलीत देवी संचारली, आजच मठात न्या. दाजींनी पोटच्या पोरीला हात जोडले. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला.

"पप्पा, हात सोडा. आता तुम्ही करा," ठिणगी म्हणाली आणि त्यांच्या कानात मोजायची युक्ती कुजबुजली.

दाजी बाहेर गेले, लोकांनी वाट्या नव्याने मांडल्या. या वेळी देवाचा वाटा ठिणगीने ठेवला, सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर. डॉक्टरीणबाईंनी एक वाटी उलटली. दाजी आत आले, बोटांवर मोजलं, चुकले, पुन्हा मोजलं आणि अचूक वाटी उचलली. मग ठिणगीने सगळ्यांनाच मोजणं शिकवलं, तशी वाण्याने उचलली, लिफ्टवाल्याने उचलली. एवढ्या देवी एकाच इमारतीत मावायच्या कशा? हसून हसून पोटं दुखली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महाराज, आता देवाचा वाटा न ठेवता ओळखा. महाराजांचं डोकं तेव्हाच दुखायला लागलं. वाट्या तिथेच टाकून गेले.

सोमवारी दाजी शाळेत गेले खरे, पण लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. वाटेत त्यांनी तिला विचारलं, "बाळा, उभ्या ओळींचं पुन्हा एकदा सांगतेस?"

म्हणून सांगते, कोणी डोळे मिटा म्हटलं की तेव्हाच ते उघडे ठेवा. कोडं मोठं वाटलं तर त्याची एक ओळ घ्या आणि स्वतः करून बघा. आणि विचारणाऱ्या पोरीला शाळेत जाऊ द्या.