पत्ता बदलणारं सरकार

"पायरीवरून सांभाळून उतरा," असं कुणी म्हटलं, तरी लीलाताई आधी त्याचे हात कुठं आहेत ते बघत. त्यात यजमान तुकोजी वारले आणि इनामाच्या जमिनीची भरपाई हातात आली, मग तर विचारूच नका. पोटी मूल नव्हतं. या पैशाच्या व्याजावर ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःची चूल पेटती ठेवायची, कुणाच्या घरी आश्रित म्हणून जेवायचं नाही, एवढीच त्यांची जिद्द होती.

दीर जगदेवराव किला गेटहून मुद्दाम आले.

"वहिनीसाहेब, सरकारी रोखे घ्या. दहा साल व्याज ठरलेलं. बाजार चढो की उतरो, अपने को काय करायचंय?"

"आणि दहा सालांत मी गेले तर?"

"वारसाला मिळतील ना."

वारस कोण, हे विचारायला नकोच होतं. पुढच्या आठवड्यात भाऊजी परत आले, मग परत आले. ताईंची खात्रीच पटली, कुठंतरी पाणी मुरतंय.

"कोणतं सरकार, भाऊजी? ग्वाल्हेरचं होतं, ते मध्य भारत राज्यात गेलं. अर्धं साल इंदुरात राहायला लागलं. आता बोरिया-बिस्तर बांधून भोपाळला निघालंय. अशाला मी खोली भाड्यानं देणार नाही, पैसे कुठले देते?"

सराफ्यातल्या सेठची पेढी मात्र त्याच्या आजोबांपासून एकाच जागी होती. "बाईसाहेब, तीन-तीन महीने की बात है," सेठ म्हणाला. "जब चाहो, उठा ले जाओ." व्याज दर तिमाहीला, त्या वेळच्या बाजारभावानं. तो भाव रोख्यांपेक्षा चढाच होता. ताईंनी पैसे तिथं ठेवले.

सरकार खरोखरच भोपाळला गेलं. दफ्तरं गेली, बाबू गेले, नई सडकेवरची गिऱ्हाइकं आटली. धंदाच बसला, तर व्याजानं पैसा उचलणार कोण? सेठनं भाव उतरवला, पुढच्या तिमाहीला आणखी उतरवला. ताईंनी नोटा उजेडात धरून पाहिल्या. लबाडी सापडली नाही. मुद्दल शाबूत होतं, फक्त त्यावर घर चालेना. रोख्यांची विक्री केव्हाच बंद झाली होती. अखेर खोल्या सोडून ताई किला गेटला दिराकडे राहायला आल्या.

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "खरं सांगा भाऊजी, त्या रोख्यांत तुमचा स्वार्थ काय होता?"

जगदेवराव खाली बघत म्हणाले, "होता, वहिनीसाहेब. तुम्हाला जन्मभर सांभाळायची माझी ऐपत नाही. वाटलं, रोखे असले तर तुम्हाला इथं यावं लागणार नाही."

ताईंचा संशय अगदी खरा निघाला होता. आणि भाऊजींना जे हवं होतं, तेच त्यांनाही हवं होतं.

जाऊबाईंनी विचारलं, "थोडा भात वाढू?"

ताईंनी ताटावर हात आडवा धरला.