चर्चमागची बाग

माधवनगरच्या चर्चमागे पडीक जागा होती. बालवाडीत शिकवणाऱ्या सोनिया आवळेने मंडळींच्या मदतीनं तिथं भाजीची बाग उभी केली. वांगी, टोमॅटो, भेंडी, मेथी, कडेनं कांद्याचे वाफे. शनिवारी जमेल तो येऊन खुरपायचा आणि रविवारची उपासना संपली की भाजी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायची. त्या म्हाताऱ्या कुठल्या धर्माच्या, हे कुणी विचारत नसे. मदतीला येणारेही सगळे चर्चचे नव्हते. मानसिंगकाका तर फौजेतून सुभेदार होऊन आलेले, जवळच्याच गावात ऊस असलेले शेतकरी. पण बागेत त्यांचाच शब्द चालायचा.

त्या रविवारी सोनिया भाजी तोडायला आली आणि पाटी हातात तशीच धरून उभी राहिली. टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळवटली होती. वांग्यांचे शेंडे कुणीतरी मुरगाळून सोडल्यासारखे खाली वळले होते. भेंडीची देठं वाकडी होऊन सुजली होती. परवापर्यंत बाग ताठ उभी होती. शुक्रवारी पानांवर मावा कीड दिसली म्हणून तिनं स्वतः निंबोळी अर्क फवारला होता आणि फवारणी ताजी म्हणून शनिवारची खुरपणी टाळली होती. ती वाफ्याच्या बांधावर बसली. मागून आलेल्या बायकांपैकी एकजण रडायला लागली.

मानसिंगकाकांनी एक झाड उपटून पाहिलं आणि म्हणाले, "हे विषाचं काम हाय. कुणीतरी मारलंय." मग त्यांनी शेजारच्या घराकडं मान वळवली.

ते घर तानाजीचं. बागेच्या पाण्यानं त्याच्या भिंतीला ओल येत होती आणि त्यावरून उन्हाळ्यात बोलाचाली झाली होती. ही बाग एक दिवस बंद पाडतो, असं तो तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होता. सोनियाला ते आठवलं आणि त्यानंतर तिनं काहीच विचार केला नाही. पिळवटलेलं रोप हातात घेऊन ती तानाजीच्या दारात गेली. मानसिंगकाका मागोमाग होते.

सोप्यात माणसं बसली होती, पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन. तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"आमच्या बागेवर विष मारलंत तुम्ही," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बायकांच्या तोंडचा घास होता तो."

तानाजी उठून उभा राहिला. तेव्हा सोनियाच्या लक्षात आलं की कोपऱ्यात त्याची मुलगी क्रांती नवी साडी नेसून, खाली मान घालून बसली आहे. कवठे महांकाळहून पाहुणे तिला बघायला आले होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बिरदेवांनी ताटली खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि ते उठले. बाकीचेही उठले. जीप निघून गेल्यावर तानाजी एवढंच म्हणाला, "म्या काय बी मारल्यालं न्हाई."

संध्याकाळी मानसिंगकाका सोनियाच्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दुपारी ते उसात गेले होते. सरीतलं गाजरगवत त्यांना दिसलं, अगदी बागेतल्या टोमॅटोसारखं पिळवटलेलं. गडी आकारामला विचारलं तर तो म्हणाला, गुरुवारी तणनाशक मारलं की. फवारणीचा पंप मात्र त्यानं नंतर धुतला नव्हता. तोच पंप काकांनी शुक्रवारी सोनियाला आणून दिला होता.

"पोरी, बाग आपणच मारली," ते म्हणाले.

फवारताना हाताला आलेला तो उग्र वास सोनियाला आठवला. निंबोळीचाच असेल, असं ती धरून चालली होती.

त्याच रात्री दोघं तानाजीकडं गेले, पण दार उघडलं नाही. सकाळी काकांच्या गाडीतून ते थेट कवठे महांकाळला पोचले. बिरदेवांच्या अंगणात उभं राहून सोनियानं सगळं सांगितलं, स्वतःला कुठंही न वाचवता. बिरदेवांनी ऐकून घेतलं. पोरगी पसंत होती, असं ते म्हणाले. चूक दुसऱ्याची निघाली तर आपला राग कशाला, आजच निरोप देतो म्हणाले. परतीच्या वाटेवर सोनियाला पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

तानाजीनं या वेळी दार उघडलं. सोनियानं माफी मागितली आणि पाहुण्यांचा निरोपही सांगितला. त्याचा चेहरा सैल झाला. बसा म्हणून त्यानं सतरंजी पुढं ओढली. तेवढ्यात क्रांती आतून आली.

"आबा, मला त्या घरात जायचं न्हाई," ती म्हणाली. "त्येंनी तुमाला एक शब्द विचारला न्हाई. ताटली ठेवली आन उठली." मग ती सोनियाकडं वळली. "आन ताई, तुमी बी विचारलं न्हाई."

आवाज चढलेला नव्हता. सोनियाचे माफीचे शब्द तर आधीच खर्चून झाले होते. तानाजी लेकीकडं बघत राहिला. तिला त्यानं आत जा म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी उपासनेत चर्चच्या पाळकांची परवानगी घेऊन सोनिया पुढं उभी राहिली आणि बाग कशी मेली, कुणावर आळ घेतला, हे तिनं मंडळींना सांगितलं. मानसिंगकाका शेवटच्या बाकापाशी उभे होते. आपल्यामुळंच ती तानाजीच्या दारात गेली, असं ते मोठ्यानं म्हणाले. उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून झाडं उपटली. कांदा तेवढा शाबूत दिसत होता, पण तो कुणाच्या पोटात जायला नको म्हणून सोनियानं तोही काढायला लावला. मग ती रिकाम्या हातानं एकेका म्हातारीच्या घरी गेली आणि भाजी का नाही ते सांगून आली.

तानाजीनं क्रांतीवर जबरदस्ती केली नाही. बिरदेवांना त्यानं स्वतः नकार कळवला. क्रांती आता शिवणकामाच्या वर्गाला सांगलीला जाते. स्टॉपवर सोनिया दिसली की मान हलवते, बोलत नाही. सोनियाही तिला थांबवत नाही.