प्रेमदासचं तिकीट

अपघातात मेलेल्यांच्या यादीत आठ नावं होती. सात नावांपुढं तिकिटांचे नंबर होते आणि आठव्यापुढं एकच शब्द होता: विनातिकीट. तो आठवा म्हणजे धर्मसिंगचा प्रेमदास.

एस.टी.ची गाडी सिद्धेश्वर सोडल्यावर कालव्यात गेली ती दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत. यादी पेपरात आली तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलात कुणीतरी ती मोठ्यानं वाचली आणि वर म्हणाला, "तांड्यावरचं पोरगं, ते काहून तिकीट काढंल?" धर्मसिंग तिथंच बाकड्यावर बसला होता. त्यानं बशीतला चहा संपवला आणि घरी आला. मेलेल्या लेकाला परत आणता येत नाही एवढं त्याला कळत होतं. तो एक शब्द मात्र काढून घेता येईल, असं त्याला वाटलं. माणूस भाबडा होता.

कंडक्टर वाचला होता. दवाखान्यातल्या खाटेवरून तो धर्मसिंगला म्हणाला, "सेहेचाळीस तिकिटं निघाली, मामा. चेहरे कोन ध्यानात ठेवते? मशीनला इचारा." नवीनच आलेलं ते तिकिटाचं मशीन कालव्याच्या गाळात होतं आणि काही बोलायच्या परिस्थितीत नव्हतं.

महिन्याभरानं प्रेमदासच्या आईनं, रुख्मिणीबाईनं, पोलिसांनी दिलेलं गाठोडं सोडलं. शर्ट, कंगवा, घड्याळ. घड्याळाच्या पट्ट्याखाली चौघडी घालून खोचलेलं तिकीट होतं. प्रेमदासला ती सवयच होती. दहावी झालेल्या सुनितानं भावाचं तिकीट वाचून दाखवलं: तारीख तीच, सिद्धेश्वर ते हिंगोली, फुल एक. रुख्मिणीबाईनं ते तीनदा वाचायला लावलं आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं.

धर्मसिंगनं हिंगोलीच्या एस.टी. ऑफिसात अर्ज दिला, आणि ऑफिसनं तिकीट घेऊन यायला मे महिन्यातली तारीख दिली. ऑफिसला घाई नव्हती. तिकिटाला होती. प्लास्टिकात ठेवल्यापासून त्याची अक्षरं फिकी होत चालली. आधी फुल गेलं, मग सिद्धेश्वर पुसट झालं. रुख्मिणीबाई रोज पाकीट उघडून बघायची आणि रोज काहीतरी कमी असायचं.

"आजून आठ दिस हाईत," ती म्हणाली. "तवर कोराच कागद उरंल. त्याला लॅमिनेशन करून घ्या. सुनीच्या मार्कलिस्टला केलं तर कसं आजून चकचकीत हाय."

हे सगळ्यांनाच पटलं. जातीचा दाखला, सातबारा, मार्कलिस्ट, जे जे सरकारला दाखवायचं ते लॅमिनेशन करून अमर करायचं, हा त्या काळी तांड्यापासून तालुक्यापर्यंतचा रिवाज होता.

लॅमिनेशनचं मशीन हिंगोलीतच होतं आणि दोन खेपांचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून धर्मसिंग तारखेच्या दिवशीच सकाळी हिंगोलीत उतरला. ऑफिससमोर शेषरावचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान होतं. शेषरावनं मशीन तापवलं, तिकीट दोन प्लास्टिकांच्या मधोमध सरळ बसवलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि आत सोडलं. एका बाजूनं पांढरं तिकीट आत गेलं. दुसऱ्या बाजूनं काळं बाहेर आलं. कोळशासारखं, कडेपर्यंत, एकसारखं.

दोघंही बघत राहिले.

"असं कधी झालं न्हाई," शेषराव म्हणाला.

"गरम हाय म्हून आसंल," धर्मसिंग म्हणाला. त्यानं ते धोतराच्या सोग्यानं वारा घालून गार केलं. मग दुकानाच्या पायरीवर सावलीत ठेवून पाव तास त्याच्यापाशी बसला. तिकीट गार झालं. काळंच राहिलं.

"पैसे ऱ्हाऊ द्या, मामा," शेषराव म्हणाला.

ऑफिसात सोमेश्वर नावाचे क्लार्क होते. माणूस चांगला होता, आधी पाणी दिलं. मग तिकीट उजेडात धरून म्हणाले, "बाबा, तिकिटाच्या मशीनमधी शाई नसतेच. कागदाला चटके देते, चटका बसला तिथं काळं होते, तेच अक्षर. तुमी तर अख्ख्या कागदालाच चटका देला."

धर्मसिंगनं विचार केला. "म्हंजी आता त्याच्यावर पुरं भरून लिहिलंय."

"व्हय. पण वाचता येत न्हाई ना."

"तिकीट हाय हे तर दिसून राहिलं, सायब. मंग तेवढा विनातिकीट काढा."

"नंबर लागते. सात जनांचे नंबर हाईत. वाचता येत न्हाई, असा रकानाच न्हाई फॉर्मात." सोमेश्वर थोडे ओशाळले. "असं करू, ह्याची प्रत फायलीला जोडून वर पाठवू. अस्सल तुमच्यापाशी ठेवा. दोन झेरॉक्स आना, मी सत्यप्रत करून देतो."

धर्मसिंग पुन्हा रस्ता ओलांडून गेला. शेषराव म्हणाला, "मामा, याची झेरॉक्स काय निघनार?" पण काढली. दोन कागद, प्रत्येकावर मधोमध एक काळा चौकोन. प्रती अगदी हुबेहूब होत्या, कुठंही खोट काढता आली नसती.

सोमेश्वरांनी अस्सल आणि झेरॉक्स शेजारीशेजारी ठेवून रीतसर ताडून बघितलं. शिक्का काळ्यावर उमटेना, म्हणून खाली कोऱ्या जागेवर मारला. शिक्क्याखाली दोन शब्द लिहिले, सही केली आणि एक प्रत धर्मसिंगच्या हातात दिली.

"काय लिव्हलं, सायब?"

"तिकिटाची सत्यप्रत."

धर्मसिंगनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. पहिल्या शब्दावर ते थांबलं.

"हे तिकीट लिव्हलंय नव्हं?"

"व्हय."

"तुमच्या हातानं. वर सरकारचा शिक्का. म्हंजी तिकीट व्हतं माझ्या पोरापाशी."

खरं म्हणजे माणूस बरोबर बोलून राहिला होता आणि तीच पंचाईत होती. सोमेश्वरांनी साहेबांच्या दाराकडं बघितलं, मग पंख्याकडं बघितलं.

"आना इकडं जरा, बाबा," ते हळू आवाजात म्हणाले.

धर्मसिंगनं कागद दिला. सोमेश्वरांनी पट्टी घेऊन 'तिकिटाची'वर सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'कागदाची' असं लिहिलं आणि दुरुस्तीला पुन्हा छोटी सही केली. मग दुसऱ्या प्रतीवरही तसंच केलं.