भरून टाकलेला खड्डा

"विद्याश्री, आलेख स्वच्छ करून दिलाय बघ," मोहित मोठ्या समाधानानं म्हणाला. "मधला तो खड्डा भरून टाकला. कॅमेऱ्याचा दोष असणार."

विद्याश्रीच्या कपाळाची शीर ताडकन उठली. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात ती वेधशाळेत जाऊन, थंडीत कुडकुडत, त्या दूरच्या क्वेसारचा, म्हणजे एका दीर्घिकेच्या धगधगत्या गाभ्याचा, प्रकाश टिपून आली होती. वर्णपटात कार्बनच्या उजळ रेषेच्या निळ्या अंगाला एक काळा खड्डा पडला होता. क्वेसारमधून वायू प्रचंड वेगानं आपल्या दिशेनं उसळत होता आणि वाटेतला प्रकाश गिळत होता, त्याची ती खूण.

"मूळ नोंद कुठाय?"

"तिच्यावरच नवी घेतली की. टेप एकच हुती."

"तुला कुणी सांगितलंतं हात लावायला? दोष न्हवता तो, वायू हुता! माझं अख्खं संशोधन त्या खड्ड्यात हुतं, आणि तू मुरूम टाकून बुजवलास?"

आरडाओरडा ऐकून दोघांचे मार्गदर्शक नृसिंह सर आले. वेधशाळेनं आपली प्रत पुसल्याचं फोनवर कळलं, तेव्हा म्हणाले, "राहू दे. स्वच्छ आलेखच छापू."

"मग माझं नाव काढा सर. दिसलेलं न दिसल्यागत मी लिहिणार न्हाय."

शाहूपुरीतल्या घरी तिनं ताट सरकवलं. मल्लव्वा, तिची आई, वैतागली. "एका रेघेपायी अन्नावर राग काढतीस व्हय गं?"

"व्हय."

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा वेधशाळेत गेली. तोच क्वेसार, तीच दुर्बीण. खड्डा नव्हता.

"बघ, मुळात नव्हताच," सर म्हणाले.

तिनं टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. "हुता! वायू वर्षाभरात विरळ होतो, सर. दोन्ही वर्णपट शेजारी ठेवता आले असते, तर हा बदलच सगळ्यात मोठा पुरावा ठरला असता. आता माझ्या शब्दाशिवाय काय हाय?"

सरांनी सांडलेला चहा पुसला. निबंध त्यांच्या आणि मोहितच्या नावानं छापून आला, गुळगुळीत आलेखासकट. विद्याश्रीनं दुसरा क्वेसार निवडला आणि पदवी दोन वर्षं उशिरानं घेतली.

पदवी मिळाली त्या दिवशी विभागाच्या जिन्यात मोहित पेढा घेऊन आडवा आला. "चुकलं गं माझं. अजून राग हाय?"

"हाय," ती म्हणाली, आणि पेढा न घेता खाली उतरली.