चौदावा बोळा

"तेराच आहेत," मी म्हटलं.

"नीट मोज. चौदा असतील." अबू नझीर उंबऱ्यावर बसून बूट काढत होते.

"तीनदा मोजले. पाण्यात टाकायच्या आधी मी नेहमी मोजते."

त्यांनी काढलेला बूट परत पायात घातला.

माझा नवरा फय्याद गावातल्या शेगड्या बसवतो; आमचा मुलगा नझीर, म्हणून गावाला हे अबू नझीर आणि मी उम नझीर. वसंतात घरोघरची धुराडी उतरवून झाडून ठेवायची आणि भिंतीतल्या भोकात खोलवर चिंधीचा बोळा कोंबायचा, म्हणजे उन्हाळाभर चिमण्या आत येत नाहीत. मग बर्फ पडायच्या आधी बोळा काढून धुराडं पुन्हा जोडायचं. एक्केचाळीस वर्षं हेच चाललंय. बोळे आमचेच, एका जुन्या लष्करी घोंगडीचे फाडलेले. काढलेले बोळे ते पोत्यात भरून घरी आणतात, मी धुऊन वाळवून वसंतापर्यंत ठेवते. या आठवड्यात त्यांनी चौदा घरं केली होती.

म्हणजे एक बोळा कुणाच्या तरी भिंतीत होता. शेगडी पेटली की धूर उलटा घरात येणार. काळा धूर आला तर माणूस खोकत उठतो तरी. पण निखाऱ्याचा जो धूर दिसत नाही, त्याला वास नसतो, आवाज नसतो. पाच वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या गावात एक कुटुंब असंच झोपलं, ते उठलंच नाही. दफनाला जाऊन आल्यावर हे तीन दिवस धड जेवले नव्हते.

"कुणाकडचा राहिला असेल?" मी विचारलं.

त्यांना आठवत नव्हतं. आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, हे खरं सांगते. उन्हाळ्यापासून मी बघत होते. नझीरचा बैरूतहून फोन आला का, असं एकाच दुपारी मला दोनदा विचारायचे. जर्दाळू वाळत घालायला गच्चीवर जायचे आणि तिथं कशाला आलो म्हणून उभे राहायचे. मी कुणाजवळ बोलले नाही. काम सुटलं तर हा माणूस चार भिंतींत करणार काय, याची मला भीती वाटत होती. माझ्या त्या गप्प बसण्याची आता मला लाज वाटत होती.

मी हात पुसले. दह्यात मुरवून वाळवलेल्या गव्हाचं किश्क चाळायचं राहिलं होतं, दोन खिडक्यांना प्लास्टिक लावायचं राहिलं होतं, वांग्यांच्या बरण्या तेलाची वाट बघत ओट्यावर होत्या. सगळं तसंच टाकून शाल घेतली. शुक्रवारची दुपार कलली होती आणि डोंगराचं टोक सकाळपासून ढगात होतं. आज संध्याकाळी कोण शेगडी पेटवणार नव्हतं?

"तू कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर."

"मला वाट माहीत आहे."

"मला नाही, म्हणून येते."

पहिलं घर हाजी सुब्हींचं. वाटेत यांनी ठरवलं होतं, पक्कड राहिली असं सांगायचं. हाजी सुब्हींनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पक्कड? ती तर तुमच्या कमरेला लटकतेय, अबू नझीर."

"दुसरी. लहानवाली."

"चाळीस वर्षांत तुमच्याकडे दुसरी पक्कड मी पाहिली नाही. बसा, चहा घ्या."

चहा घ्यावाच लागला. मी हाजींना बोलण्यात गुंतवलं, त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं, आणि त्या विषयावर हाजी थांबत नाहीत. तेवढ्यात यांनी धुराडं सैल करून भोकात हात घातला. मोकळं होतं.

दुसरं घर रस्मियाचं. ती विधवा, एकटी, माणसाला भुकेलेली. तिनं कॉफी ठेवली, उकळून खाली उतरवली, परत ठेवली, आणि भाचीच्या लग्नाचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. "रस्मिया, पुरे गं," असं मी शेवटी तोडून बोलले, आणि ती दुखावली. तिचंही भोक मोकळं निघालं.

बाहेर आलो तेव्हा सूर्य अक्रोडाच्या झाडांना टेकला होता. दीड तासात दोन घरं झाली. उरलेली बारा, त्यातली पाच ओढ्यापलीकडे.

"असं नाही व्हायचं," मी म्हटलं. "मशिदीच्या भोंग्यावरून सांगा."

"काय सांगू? फय्यादला आता बोळा काढायची अक्कल उरली नाही म्हणून?"

"हो. तेच."

"उद्यापासून मला कोण बोलवेल, उम नझीर?"

खोटं बोलले असते, पण त्यांनी ओळखलं असतं. आम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. वरच्या आळीत कुणीतरी फरशी धूत होतं, त्याचं पाणी आमच्या पायांपर्यंत आलं. मग ते मशिदीकडे चालू लागले, इतक्या झपाझप, की मला धावावं लागलं.

शेख रद्वान अजानच्या तयारीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भला माणूस. म्हणाले, "तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं? आज वारा उलटा आहे, शेगड्या पेटवू नका, असं सांगतो."

"वाऱ्याचं ऐकून कोण थंडीत बसेल, शेखसाहेब? निम्मे लोक पेटवतील," अबू नझीर म्हणाले. "माझं नाव घ्या. चूक माझी आहे हे कळलं, तरच थांबतील."

शेखांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मग भोंगा खरखरला. या भोंग्यावरून आम्ही मयती ऐकतो, हरवलेल्या शेळ्या ऐकतो. आज ऐकलं की या आठवड्यात फय्याद अबू नझीर यांनी ज्या ज्या घरी शेगडी बसवली, त्यांनी ती पेटवू नये, एका धुराड्यात बोळा राहिला आहे, धुराडं उतरवून बघावं. शेखांनी ते तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा अबू नझीर भोंग्याच्या खांबाखाली उभे होते, टोपी हातात घेऊन.

अंधार पडायच्या आत मी गच्चीवर जाऊन पाहिलं. त्या चौदांतल्या एकाही घरावर धूर नव्हता. गारठा हाडांत शिरत होता आणि लोक गोधड्या पांघरून आमची वाट... नाही, आमच्या नावानं खडे फोडत बसले असतील. मला दोन्ही वाटत होतं, अभिमान आणि शरम, आणि कोणतं जास्त ते ठरवता येईना.

सकाळी दार वाजलं. ओढ्यापलीकडची हियाम आणि तिचा नवरा घस्सान उभे होते. हियामचं मूल अजून चाळीस दिवसांचं झालेलं नाही. घस्सानच्या हातात काजळीनं माखलेला बोळा होता. त्यानं तो यांच्या पायाशी टाकला.

"काडी हातात होती माझ्या," तो म्हणाला. "भोंगा वाजला तेव्हा काडी हातात होती. वय झालंय तुमचं, काका. आता घरी बसा."

"बरोबर आहे तुझं," अबू नझीर म्हणाले. त्यांनी सबब सांगितली नाही.

हियाम नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "धुराडं मात्र तुम्ही येऊन जोडा, काका. यांनी जोडलंय ते पाळण्यासारखं डुलतंय."

हे उठले.

हियामच्या घरी जोडायच्या आधी ते बाजूला झाले आणि तिला म्हणाले, "आधी तू आत हात घाल. कोपरापर्यंत." तिनं घातला. बाही काळी झाली. "मोकळं आहे," ती म्हणाली, तेव्हा कुठं त्यांनी धुराडं बसवलं. मग बाकीच्या तेराही घरी पुन्हा गेले, न बोलवता. सगळीकडे तसंच. घरचं माणूस हात घालून सांगेपर्यंत हे नळकांडं धरून उभे. हाजी सुब्हींना खाली वाकता येत नव्हतं, तर त्यांच्या सुनेला शेतातून बोलावून आणलं. रस्मियानं हात तर घातलाच, वर मला ऐकवलं, "आज घाई नाही ना तुला?" मी तिची कॉफी दोनदा प्याले.

आमची शेगडी दरवर्षी सगळ्यांत शेवटी लागते. त्यांनी भिंतीतला बोळा ओढून काढला, पोत्यात टाकला. मी गालिचा पसरायला घेतला होता.

"इकडे ये," ते म्हणाले. "हात घाल."

"आत्ता माझ्यासमोर काढलात की."

"घाल."

एक्केचाळीस वर्षांत मी त्यांचं काम कधी तपासलं नव्हतं. गालिचा सोडला आणि बाही वर सारून भोकात हात घातला. आत काजळी होती आणि गार वारा येत होता. माझी बोटं पार टोकाला पोचली तरी मी हात लगेच काढला नाही. ते नळकांडं धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"मोकळं आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी धुराडं जोडलं.